डब्यात तेल कोण घालायचं

झाडवाल्याबद्दल मिस्त्रीला ठाऊक होतं ते एवढंच, की तो झाडं तोडतो, चहात साखर कमी घेतो आणि करवतीशिवाय दुसऱ्या कशावर फारसं बोलत नाही. त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे हेसुद्धा मिस्त्रीने कधी विचारलं नव्हतं. पण दुकानातल्या दुसऱ्या स्टुलावर येऊन बसणारा माणूस तो एकटाच. मिस्त्रीच्या मागेपुढे कुणी नव्हतं.

त्या दिवशी झाडवाल्याने चेनसॉ बाकावर ठेवली. "चालता चालता बंद पडली. दोरी ओढली तर हिच्यात दमच नाही."

"मालकात तरी कुठे राहिलाय," मिस्त्री म्हणाला. एरवी झाडवाला हसला असता.

मिस्त्रीने सायलेन्सर काढून भोकातून टॉर्च मारला. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. सिलिंडर उतरवून पाहिलं, तर ओरखडे चहूबाजूंनी, आणि रिंग खाचेत घट्ट चिकटलेली.

"नुसतं पेट्रोल पाजलंत हो हिला. त्यात मिसळायचं तेल कुठंय?"

"डब्यात असतंच की."

"आपोआप येतं होय?"

झाडवाला टोपी चाचपत राहिला. "आमची ही मिसळून ठेवायची. मागच्या दाराशी भरलेले डबे असायचे, मी उचलायचो. शेवटचा संपला, म्हणून पंपावरून भरून आणला."

"मग वहिनी कुठे गेल्या?"

"वारली ती. थंडीत."

थंडीनंतरही तो साखळीला धार लावायला येऊन गेला होता. मिस्त्रीने साखळी तेवढी पाहिली होती.

"मुलगी तिच्याकडे राहायला बोलावतेय," झाडवाला म्हणाला. "ही करवत चालली तर सांगेन, काम आहे म्हणून. नाहीतर जावं लागेल."

सिलिंडरला आतून पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. मिस्त्रीने कापसाच्या बोळ्यावर ॲसिड घेऊन ते जपून काढलं, धुतलं, पुसलं आणि आतून नख फिरवलं. वर नख सरळ घसरलं. तिथला सिलिंडरचा आतला मुलामा शाबूत होता. धूर बाहेर पडायच्या भोकापाशी ते अडकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

या जुन्या मॉडेलचा सिलिंडर आता कुठेच मिळत नव्हता. नुसता नवा पिस्टन घातला असता, तर करवत थोडे दिवस चालली असती. तेवढे दिवस स्टूलही रिकामं राहिलं नसतं. मग कधीतरी हा फांदीवर असताना ती हातातच जाम झाली असती.

"मुलामा गेलाय," मिस्त्री म्हणाला. "माझ्या हातात काही राहिलं नाही. नवी घ्या की."

"आता कुठे नवी."

झाडवाल्याने स्वतः नख फिरवून पाहिलं आणि मान हलवली. करवत त्याने तिथेच ठेवली, कुणाला सुटे भाग लागले तर म्हणून. पुढे तो मुलीकडे गेला तो परत आला नाही. त्या दिवशी निघताना दोघं बोलले ते एवढंच.

"निघतो, मिस्त्री."

"बरं. दार ओढून घ्या, धूळ येते."

"ओढतो."