सातबारा घेऊन बायकोकडे

सांगूनच टाकतो आता! नाहीतरी वाटूरच्या फाट्यावर निम्म्या लोकांना ते माहीत झालंय, उरलेल्यांना बाळूदादा सांगेल, आणि त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. बायकोकडं जायला मी जो व्हिसाचा अर्ज केला ना, तो तुम्ही वाचला असता तर तुम्हीही म्हणाला असता, या माणसाला बायको नकोच आहे!

माझी बायको अश्विनी जर्मनीत मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. लग्नानंतर पाच आठवड्यांत ती तिकडं नोकरीवर गेली आणि मी इकडं मोसंबीच्या बागेत. तिचं ऑफिस सुटायचं तेव्हा मी जेवून आडवा झालेला असायचो. चौदा महिने आमचा संसार मोबाईलवर चालला होता!

एक दिवस ती म्हणाली, "अहो, व्हिसे दोन प्रकारचे आहेत. एक पाहुण्यांचा, तीन महिन्यांचा. दुसरा सोबत राहायचा, लांब मुदतीचा. पण त्याला वेळ लागतो. आणि नाकारला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. कोणता करायचा?"

"पाव्हणा? सोताच्या बायकोकडं पाव्हणा म्हणून? बिलकुल न्हाई! लांब मुदतीचाच करू!"

माझा आवेश असा, की अंगणात बसलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दचकून मान वर केली.

अश्विनीनं कागदांची यादी पाठवली. लग्नाचा दाखला, तिच्या नोकरीचे आणि घराचे कागद, दोघांचे थोडे फोटो. बस्स, एवढंच. मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण तुम्हीच सांगा, आमच्याकडं कुठलं काम सातबाऱ्याशिवाय झालंय? विहिरीला सातबारा, पीकविम्याला सातबारा. मग एवढ्या मोठ्या जर्मनीला नको?

मी गेलो बाळूदादाकडं. बाळूदादा माझा चुलतभाऊ, परतूरला त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. एका रिटायर गुरुजींचे कागद भरून त्यानं त्यांना अमेरिकेत मुलाकडं दीड महिना फिरायला धाडलं, तेव्हापासून तो स्वतःला परराष्ट्र खातं समजतो.

"गजू, त्या लोकायला एकच भ्याव ऱ्हातं," दादा म्हणाला. "आलेला मानूस परत जाईन का न्हाई? तू परत येनार हे बराबर पटवलं, की पडला शिक्का!"

"पर दादा, मला तर ऱ्हायचंय..."

"गुरुजीचं काम म्याच केल्तं ना? मंग! आन लग्नाचे फोटो काढून टाक त्यातले. नसता त्यायला वाटन, हा तिकडंच ऱ्हातो."

अहो, गुरुजी गेले होते पाहुणे म्हणून! त्यांना परतच यायचं होतं, मला राहायला जायचं होतं. एवढा साधा फरक दादाच्या ध्यानात आला नाही, आणि वाट बघून बघून डोकं सुकलेल्या माझ्याही नाही.

मग काय विचारता! सातबारा झाला, आठ-अ झाला. विहिरीचा फोटो, बैलजोडीचा फोटो, ठिबकच्या नळ्यांचा फोटो. मोसंबीची तर इतक्या बाजूंनी फोटोग्राफी झाली, की लग्नात माझीसुद्धा झाली नव्हती. सरपंचांनी लेटरहेडवर लिहून दिलं, 'सदर इसम गावाबाहेर आठ दिवसांवर टिकत नाही, असा ग्रामपंचायतीचा अनुभव आहे.' आईनं सांगून लिहवलं, 'माझ्या हातच्या भाकरीबिगर त्याला झोप येत नाही.'

आबांच्या नावानं तर थेट स्टॅम्पपेपर. 'गजानन नसल्यास मोसंबीची बाग वाळून जाईल.'

आबांनी पेन हातात धरून विचारलं, "हे लिव्हायलाच पाह्यजे का?"

"पाह्यजेच!" दादा म्हणाला.

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बागेकडं बघितलं आणि गुमान सही केली. त्या बघण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

सगळ्याचं इंग्रजी भाषांतर झालं. फाईल इतकी फुगली की रबर तुटला, शेवटी सुतळीनं बांधली. मुंबईला निघालो तेव्हा माझी छाती त्या फाईलपेक्षा फुगलेली होती.

वकिलातीत मुलाखतीला काचेपलीकडं चष्मा लावलेल्या मॅडम होत्या, चक्क मराठी बोलणाऱ्या. त्यांनी सुतळी सोडली आणि शांतपणे वाचत गेल्या.

"तुम्हाला पत्नीसोबत राहायला जायचंय?"

"हो मॅडम!"

"पण सरपंच म्हणतात, तुम्ही आठ दिवसांवर टिकत नाही."

"हो मॅडम." हो म्हटलं मी, बघा!

"आईंच्या म्हणण्याप्रमाणे तिकडं तुम्हाला झोप येणार नाही. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे इकडं बाग वाळणार. मग पत्नीसोबत राहणार कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नुसता प्रकाश नाही, वीजच! मी स्वतःच्या हातानं, नोटरी करून, स्वतःच्या संसाराविरुद्ध पुरावे आणले होते.

मॅडम फोटो उलटत होत्या. मोसंबी, मोसंबी, विहीर, बैल, परत मोसंबी.

"यात पत्नी कुठं आहे?"

मी काय सांगणार? दादानं काढून टाकली म्हणून? तोंडातून आपलं गावचंच निघालं.

"मॅडम, बाग हाय, बैल हायेत, समदं खरंय. पर ती तिकडं रोज कामाहून येती, कुलूप उघडती आन रिकाम्या घरात जाती. चौदा महिने झाले. मला तिच्यासंगं ऱ्हायचंय. बाकी हे कागद म्या येडेपणानं आनले."

मॅडमनी पुढचा फोटो उलटला आणि थबकल्या.

"हा ट्रॅक्टर कोण चालवतंय?"

ट्रॅक्टरच्या मालकीचा पुरावा म्हणून दादानं लावलेला फोटो! पण तो होता आमच्या वरातीतला. शालूचा पदर खोचून, मुंडावळ्यांसकट अश्विनी स्टेअरिंगवर बसलेली. बाजूला मडगार्डवर एका हातानं फेटा आणि दुसऱ्यानं जीव धरून एक माणूस.

"मिसेस," मी म्हणालो.

"आणि हे घाबरलेले कोण?"

"मीच."

मॅडम जे हसायला लागल्या! चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी. मग लग्नाचा दाखला, अश्विनीचे कागद आणि तो ट्रॅक्टर एवढंच ठेवून घेतलं आणि बाकीचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. "हे गावाकडं न्या. बागेला लागेल."

आणि तुम्हाला सांगतो, व्हिसा आला! लांब मुदतीचा! आईनं गल्लीभर पेढे वाटले. दादानं त्याच दिवशी दुकानावर पाटी लावली, 'जर्मनीचे काम खात्रीशीर करून मिळेल'.

आता आठ महिने झाले मला इथं जर्मनीत. झोप अशी लागते की अश्विनीला मला हलवून उठवावं लागतं. ती कामाहून येते तेव्हा दार मी उघडतो, आणि त्या वेळचं तिचं तोंड बघायला मी दहा सुतळ्यांच्या फायली बांधल्या असत्या. सरपंचांचं पत्र तिनं फ्रिजवर चिकटवलंय. भांडण झालं की नुसतं बोट दाखवते.

पण परवा आबांचा फोन आला.

"गजू, औंदा बाग लई लदलीय बघ. इतक्या वर्सात असा माल पाह्यला न्हाई."

माझे डोळेच भरून आले. वाटलं, बिचारे एकटे कसं करत असतील! म्हटलं, "आबा, तोडनीला येऊ का मी?"

पलीकडं आबा खाकरले.

"न्हाई न्हाई, तू ऱ्हाय तिकडंच," आबा घाईघाईनं म्हणाले. "तू पानी जरा जास्तच देत व्हतास रे. आन त्या व्हिशाची मुदत वाढून मिळती का, तेवढं अश्विनीला इचार. कागद लागत असतील तर मी जल्दी धाडतो!"