आठव्या खांबातला बोळा

वेदरकोट हॉलच्या काचघराला आठ खांब होते, बिडाचे, आतून पोकळ. छपरावरचं पाणी त्यांच्याच पोटातून फरशीखालच्या हौदात उतरायचं. मालकांच्या आजोबांनी जुन्या दगडी घराच्या दक्षिण अंगाला हे काचेचं प्रकरण चिकटवलं, तेव्हा पाण्याच्या नळ्या कुठे दिसू नयेत अशी त्यांची हौस होती. हौस त्यांची, निस्तरणं हेस्टर पर्सग्लोव्हचं.

युद्धात माळी गेले म्हणून हेस्टर कामावर आली आणि ते परत आले नाहीत म्हणून राहिली. त्याला आता बारा वर्षं झाली. लग्न केलं नाही. बागेच्या भिंतीला टेकलेल्या दोन खोल्या, त्याही नोकरी आहे तोवर. दर ऑक्टोबरात ती हौदात उतरून शेवाळ खरवडायची. डोक्यावर पाणी पडू नये म्हणून आठही खांबांच्या तळाच्या तोंडात गोणपाटाचे बोळे कोंबायचे, काम झालं की काढायचे आणि मोजायचे. या खेपेला मध्येच लिंबाच्या कुंड्या बागेतून काचघरात घ्यायला हाक आली आणि मोजायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत असा गारठा पडला की माणसं तळ्यावरून चालत गेली. रस्ते बंद, कोळसा नाही. बॉयलर तीन दिवस नुसता धुगधुगत होता. चौथ्या दिवशी कोळसा आला आणि बॉयलर चांगला पेटवला, कारण त्या दुपारी थोरल्या बाईसाहेबांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा चहा काचघरात होता.

सकाळी टेबलं मांडताना हेस्टरला बाहेरच्या कोपऱ्यातल्या खांबावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली. तिने बोटाने खांब वाजवून पाहिला. बाकीचे सात टणटणत होते, हा मुका. बोळा आतच राहिला होता. तुंबलेल्या पाण्याचा बर्फ झाला, त्याने बीड चिरलं, आणि आता तोच बर्फ खांबाला धरून होता. ऊब वाढली की तो सुटणार. वर कोपऱ्याचं सगळं छप्पर आणि खाली चाळीस माणसं केक खात बसलेली.

ती तशीच मुख्य माळ्याकडे, स्क्रिमशॉकडे गेली.

"बारा वर्षं झाली, तुला अजून आठपर्यंत मोजता येत नाही?" तो म्हणाला. पण चेहरा त्याचाही उतरला. बोळे निघाले की नाही हे बघायचं काम त्याचं होतं. मग हळू आवाजात त्याने तोडगा काढला. खांबापुढे ताडाची मोठी कुंडी सरकवायची. चहा दोन तासांचा, तेवढं निभेल.

"आणि नाही निभलं तर, मिस्टर स्क्रिमशॉ?"

"तर बघू. तू तोंड उघडलंस तर मात्र तुझ्या खोल्या आजच गेल्या म्हणून समज."

हेस्टर शूर होती असं मी म्हणणार नाही. तिला दोन गोष्टींची भीती वाटत होती, त्यातली मोठी धाकटीला ढकलत पुढे आली, इतकंच. चिखलाचे बूट दाराशी काढून ती दिवाणखान्यात गेली.

"बाईसाहेब, तिथे बसू नका. मी खांबात बोळा विसरले. छप्पर खाली येईल."

सूनबाई म्हणाल्या की फुलं तर सगळी तिथेच मांडून झालीत. थोरल्या बाईसाहेबांनी हेस्टरचे बिनबुटांचे पाय पाहिले आणि टेबलं जेवणघरात हलवायला सांगितली.

साडेतीनच्या सुमारास बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, मग पाण्याचा लोट, मग काचा. किती वेळ काचा पडतच होत्या. जेवणघरात सगळ्यांचे कप हातातच राहिले. भिंतीशी उभ्या हेस्टरने डोळे मिटून घेतले.

"पर्सग्लोव्ह," बाईसाहेब म्हणाल्या, "गारठ्याने लिंबाची झाडं मरतील. ती घरात घ्या."

नोकरी राहिली एवढं तिला कळलं. उरलेल्या छपराखाली जावं लागणार, हेही कळलं. ती गेली, वर न बघता पहिल्या कुंडीचा कान धरला. दुसरा कान कुणीतरी उचलला. स्क्रिमशॉ होता. तोही वर बघत नव्हता.