स्ट्रायकरचा कोन

काल भाचीने कॅरमवर बोरिक पावडर भुरभुरली आणि त्या वासाने मला थेट चारकोपच्या शाळेत, सातवीच्या वर्गात नेलं. गणिताच्या सरांनी सांगितलं म्हणून मी घरचा कॅरम डोक्यावरून वाहून नेला होता.

"बघ गं, स्ट्रायकर ज्या कोनात कडेला लागतो ना, त्याच कोनात परत येतो," सर म्हणाले. मला कोन पहिल्यांदाच कळले, आणि झकास कळले.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात. "वर्गात कॅरम? कोणी आणला?"

"हिने," सर म्हणाले.

पट्टी माझ्या हातावर बसली. सरांची नोकरी नवी होती, हे आज कळतं. तरी राग जात नाही. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांची नजर भिंतीला जाऊन लागली, ती परत आलीच नाही.