बाणवाल्या फायली

म्हैसूरच्या शाळेत वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलेल्या प्राणेशरावांनी निवृत्तीनंतर विंडोज सोडून मॅक घेतला आणि गल्लीभर तोरा मिरवला. जुनं मशीन दुकानात बदल्यात दिलं. त्याआधी पडद्यावरचं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं होतं, निदान त्यांना तसं वाटलं.

मॅकवर एकही फाइल उघडेना. घेतले होते ते नुसते शॉर्टकट. खऱ्या फायली जुन्या मशीनमध्येच राहिल्या आणि दुकानदाराने त्या केव्हाच पुसल्या. फाइलच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला की तो शॉर्टकट, एवढंही न ओळखणाऱ्या पोरांना याच माणसाने बाकावर उभं केलं होतं!

त्यांत आत्याची, सुमित्राबाईंची, हळदीची बेचाळीस गाणी गेली. ऐंशीची आत्या महिनाभर बन्नूरहून बसने येऊन ती म्हणत होती, प्राणेशराव टाइप करत होते.

फोनवर प्राणेशरावांच्या तोंडून खरं निघेना. “आत्या, गाणी परत म्हणावी लागतील. मशीनला नीट कळली नाहीत.”

“अय्यो, माझंच चुकलं रे,” आत्या ओशाळली. “दात नाहीत ना, शब्द स्पष्ट येत नाहीत. उद्या येते, सावकाश म्हणते.”

आणि प्राणेशराव “बरं” म्हणाले.