शाल कुणाच्या खांद्यावर

कशी माती खाल्ली ते सांगतो, पण चहा संपल्यावरच हसा हं, उगाच ठसका लागायचा!

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्या समोरच्या घरात नवीन जोडपं राहायला आलं. महाराष्ट्र मंडळाचे जोशीकाका धावत आले. "अरे, स्पेनचं टेनिसमधलं फार मोठं नाव आहे ते!"

मी उडालोच. कारण आमची इरा. शाळेच्या टेनिस टीममध्ये घेतलं नाही म्हणून पोरीने रॅकेट गराजमध्ये फेकली होती. "आय ॲम डन, बाबा." धड जेवेना, बोलेना. बापाचा जीव हो, तुटतो! म्हटलं, असा माणूस दोन शब्द बोलला तर पोर सावरेल.

बघतो तर समोर सहा फुटी, दणकट खांद्यांचा नवरा, पाको, लॉन कापतोय. झाली की खात्री! रविवारी दोघांना जेवायला बोलावलं.

"अरे, एकदा गूगल तरी कर," बायको मनीषा म्हणाली.

"चेहऱ्यावर दिसतंय गं! आणि चॅम्पियनला काय आडनाव विचारायचं?"

आता मोठा माणूस घरी आला की आपण काय करतो? सत्कार! जोशीकाकांनी शाल आणली, मी नारळ आणला, अर्धं मंडळ हॉलमध्ये जमलं. पाको आला, मागून त्याची बुटकीशी बायको पिलार. मी मोठ्या मनाने म्हणालो, "मनीषा, यांना आत ने. बायका-बायका गप्पा मारा."

मग काय विचारता! भाषण ठोकलं, त्याच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, इराच्या रॅकेटच्या कव्हरवर सही घेतली. पाको गोंधळून नुसता हसत होता.

"हार कशी पचवायची, ते मुलांना सांगा ना," मी म्हणालो.

"मी? मी तर घरी रोज हरतो."

काय तो विनय! जोशीकाकांनी टाळ्या सुरू केल्या. मी इराकडे वळलो, तर इरा जागेवर नाही!

मागून ठक, ठक आवाज येत होता. खिडकीतून पाहिलं. पिलार चपला काढून माझ्या जुन्या रॅकेटने गराजच्या भिंतीवर बॉल मारत होती. मग तिने रॅकेट इराच्या हातात दिली, मनगट धरून काहीतरी दाखवलं. आणि इरा हसली. किती दिवसांनी! माझे डोळेच भरून आले.

"वहिनींनाही येतं वाटतं थोडंफार?" मी पाकोला कौतुकाने म्हणालो.

"थोडंफार? चॅम्पियन तीच आहे. माझा बाथरूमच्या टाइल्सचा धंदा."

जोशीकाका छताकडे बघायला लागले.

"अहो, मग शाल कशी घेतलीत?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुमच्यात प्रत्येक नव्या शेजाऱ्याचं असंच करतात. इथे आल्यापासून कुणी साधं हॅलो म्हटलं नव्हतं. फार छान वाटलं मला."

पाको उठला, अंगणात गेला आणि ती शाल हळूच पिलारच्या खांद्यावर घातली.

रात्री इरा दोन पोळ्या जास्त जेवली. "पिलार मावशी म्हणाली, हरलं की रडायचं, पोटभर खायचं आणि उद्या परत यायचं."

पोरगी पुन्हा खेळायला लागली. कव्हरवरची सही बघून मैत्रिणी विचारतात, कुणाची? इरा शांतपणे सांगते, "माय डॅड्स फेव्हरेट टेनिस प्लेअर. यू नीड बाथरूम टाइल्स?"