डेपोत अडकलेला पांढरा फ्रॉक

नोएडातल्या त्या ऑफिसात मी लागले ती टाइप करायला. इंग्लंडमधल्या एका कपड्यांच्या दुकानाची गिऱ्हाइकं वेबसाइटच्या चॅटवर तक्रार लिहायची आणि मी उत्तर लिहायची. कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मुलाखतीत हे कळल्यावर मी पगार विचारायचाच विसरले होते.

चौथ्या महिन्यात टीम लीड डेस्कपाशी आला. "तुम्हारी इंग्लिश सबसे साफ है," तो म्हणाला, आणि माझ्या पुढ्यात हेडसेट ठेवला. दिल्लीतल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा मला तोवर फायदाच झाला होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, जरा वाईट बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

चॅटवर परत जायचा एकच रस्ता होता. सहा महिने पूर्ण झाले, कन्फर्मेशनचं पत्र मिळालं, की बदलीचा अर्ज करता यायचा. मी कॅलेंडरवर दिवस खोडायला लागले.

फोन बहुतेक आयर्लंडहून यायचे. ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडहून तिकडे पार्सल पाठवणं म्हणजे दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारहून शेजारच्या गाझियाबादला पाठवण्यासारखंच होतं. आता मध्ये कस्टम्स आलं होतं. प्रत्येक पार्सलबरोबर फॉर्म जायचा: वस्तू कोणती, किंमत किती, कर भरला की नाही. त्यात काही चुकलं की कुरियर कंपनी माल डेपोत अडकवायची आणि गिऱ्हाइकाकडे कर मागायची, वर फॉर्म हाताळल्याची स्वतःची फी. वेबसाइटवर सगळे पैसे भरून बसलेली माणसं मग आमच्यावर ओरडायची.

त्यासाठी आम्हाला एक वाक्य दिलेलं होतं. हे शुल्क तुमच्या देशाचं सरकार आकारतं, त्यावर आमचं नियंत्रण नाही, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. मी ते इतक्या हळू म्हणायची की लोक परत म्हणायला लावायचे. मग तेच वाक्य दोनदा.

त्या बाईंचा पहिला फोन बुधवारी आला. आवाजावरून सत्तरीच्या असाव्यात. आठ वर्षांच्या नातीचा रविवारी चर्चमध्ये पहिला कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी होता, त्यासाठी त्यांनी आमच्याकडून पांढरा फ्रॉक मागवला होता. आला तेव्हा लेस फाटलेली होती. वेबसाइटवर तक्रार आल्यावर तो परत घेऊन आम्ही दुसरा पाठवला, आणि तो आता त्यांच्या गावापासून तासाभरावरच्या डेपोत पडून होता. कर आणि फी भरल्याशिवाय सोडणार नव्हते.

"पहिल्याला काही भरावं लागलं नाही," त्या म्हणाल्या. "तोच फ्रॉक, तेच दुकान. मग दुसऱ्याला कर कसा?"

मी ते वाक्य म्हटलं.

गुरुवारी त्यांचा पुन्हा फोन. त्याच तक्रारीचा फोन त्याच एजंटकडे यायचा, तशी सोयच होती. त्यांनी कुरियरला विचारलं होतं, कुरियरने दुकानाला विचारा म्हणून सांगितलं होतं. "मी पेन्शनवर जगते, बाळा. पहिल्याच वेळी मी सगळे पैसे दिलेत. आता पुन्हा कशाचे देऊ, एवढंच मला कळू दे." मागे कुठेतरी लहान मुलीचा आवाज होता, आला का, आला का असं विचारणारा. मी ते वाक्य म्हटलं. यावेळी त्यांनी परत म्हणायला लावलं नाही, फोन ठेवला.

त्यांचा प्रश्न मात्र बरोबर होता. ब्रेकमध्ये मी चहा न घेता रेकॉर्ड उघडलं. पहिल्या पार्सलच्या फॉर्मवर वस्तूच्या रकान्यात लिहिलेलं होतं, मुलींचे कपडे. दुसऱ्याच्या फॉर्मवर होतं, लेडीज ड्रेस. फॉर्म भरणाऱ्याचा लॉगिन माझा होता; वेबसाइटवरच्या तक्रारींचे फॉर्मही आम्हीच कॉल चालू असताना भरायचो.

हे कसं झालं ते मला लगेच कळलं, कारण आम्ही सगळेच तसं करत होतो. बदलून द्यायचा माल पाठवताना चाळीसेक नावांची यादी उघडायची. सगळ्यात वर लेडीज ड्रेस, कर्सर आपोआप तिथेच. कॉल सहा मिनिटांत संपवायचा असायचा. शिकवतानाच सीनियर मुलींनी सांगितलं होतं, "एंटर मारो, आगे बढ़ो, ये कोई नहीं देखता." त्या जुन्या होत्या. त्यांच्या काळात सीमा नव्हती, तेव्हा खरंच कोणी बघत नव्हतं. तिकडे लहान मुलांच्या कपड्यांवर तो कर लागत नाही, मोठ्यांच्यावर लागतो. ट्रेनिंगनंतरच्या परीक्षेत हा प्रश्न होता आणि मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

म्हणजे दोन दिवस मी त्यांना सांगत होते की हे तुमच्या सरकारचं काम आहे.

शुक्रवारी शिफ्ट सुरू झाल्याबरोबर मी दुरुस्तीचा फॉर्म उघडला. कारणाचे तीन पर्याय होते. गिऱ्हाइकाची चूक निवडली तर पैसे त्यांनीच भरायचे. सिस्टमची चूक निवडली तर प्रकरण आयटीकडे जायचं, तिथे पाच दिवसांची रांग. एजंटची चूक निवडली तर दुरुस्त फॉर्म कुरियरला त्याच दिवशी जायचा, आणि एजंटच्या नावावर नोंद व्हायची. माझे सहा महिने येत्या सोमवारी पूर्ण होत होते. शेवटच्या महिन्यात एक नोंद, म्हणजे प्रोबेशन तीन महिने पुढे. मागच्या बॅचमधल्या एका मुलीला तर घरीच पाठवलं होतं.

माझ्या शेजारी गाझियाबादची एक मुलगी बसायची. तिने वाकून माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

"सिस्टम एरर डाल. सब वही डालते हैं."

"संडे को चाहिए उनको."

"तो? तेरी नानी है?" मग माझा चेहरा बघून जरा नरमली. "यार, बस सोमवार तक रुक जा. फिर जो मर्ज़ी कर."

"सोमवार तक तो चर्च हो जाएगा."

"हे भगवान. महारानी जी का मूड है, करने दो," ती हवेतच कुणाला तरी म्हणाली आणि तिने पुढचा कॉल घेतला.

डेपोला दुरुस्ती त्यांच्या दुपारी चारच्या आत मिळायला हवी होती. तेवढ्यात माझ्या हेडसेटमध्ये बीप झालं. त्याच होत्या.

त्या आज रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. शेजारणीकडून पैसे घेऊन भरायचं त्यांनी ठरवलं होतं, फक्त कार्ड कुठे चालेल ते विचारत होत्या. मी म्हटलं, "भरू नका." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "फॉर्ममध्ये चूक झाली आहे. फ्रॉक मोठ्यांचा म्हणून लिहिला गेला. तुम्हाला कर लागूच होत नाही. मी आत्ता दुरुस्त करते आहे."

"चूक कुणाची?"

आमचे कॉल रेकॉर्ड होतात. चूक कबूल करायची नाही, 'असं झालेलं दिसतं' एवढंच म्हणायचं, हा पहिल्या दिवशीचा धडा. 'लिहिला गेला' असं मी म्हटलंच होतं. तिथे थांबता आलं असतं. स्क्रीनवर सेकंद पुढे जात होते आणि त्या वाट बघत होत्या.

"माझी," मी म्हटलं. "फॉर्म मी भरला होता."

मला वाटत होतं त्या म्हणतील, असू दे बाळा. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत.

"मग दोन दिवस तू मला सरकारचं काय सांगत होतीस?" त्यांनी विचारलं. "मी इथल्या कराच्या ऑफिसात फोन केला. रांगेत उभी राहिले. तिथल्या बिचाऱ्या मुलाला नाही नाही ते बोलले."

"सॉरी," मी म्हटलं. दिलेल्या वाक्यातलं नाही, नुसतं तेवढंच.

"उद्यापर्यंत येईल?"

"मला माहीत नाही. मी पाठवते आहे."

त्यांनी फोन ठेवला. मी तिसरा पर्याय निवडला आणि मंजुरीसाठी लीडकडे पाठवला. तो दोन मिनिटांत आला. मागे उभं राहून त्याने सगळं वाचलं.

"पता है ना, इसका मतलब क्या है?"

मी मान हलवली.

"चॅट में जाना था ना तुम्हें?"

मी पुन्हा मान हलवली. त्याने वाकून माझ्याच कीबोर्डवर पासवर्ड टाकला आणि मंजूर केलं. "कॉल भी सुनूँगा," असं जाता जाता म्हणाला. तिकडे तेव्हा साडेतीन वाजले होते.

शनिवारी सकाळी आईने चहा पुढे ठेवत विचारलं, "सोमवारी पत्र मिळणार ना? बाबांनी ऑफिसात सांगून ठेवलंय. म्हणे, पेढे आमच्या मंत्रालयातल्या दुकानातूनच आणतो."

"पेढे नको, आई. तीन महिने पुढे गेलं."

बाबांनी पेपर खाली घेतला. मी सगळं सांगितलं, फॉर्म, यादी, लेडीज ड्रेस. कर कुणाला लागतो नि कुणाला नाही हे बाबांना पटकन कळलं. तीस वर्षं त्यांनी सरकारी फायलीच बघितल्यात. "सगळेच एंटर मारत होते, तर तुझ्या एकटीच्या नावावर का?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "लेखी दे. सगळे असंच करतात म्हणून लेखी दे."

"बाबा, प्लीज."

"अच्छा, राहू दे आता," आई त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण फ्रॉक पोचला का तिचा?"

"माहीत नाही. घरून बघता येत नाही."

रविवारी तिने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा संध्याकाळी, भाजी चिरताना. "आता तर झालं असेल गं चर्च?" मी मोबाइलवर तिकडचे किती वाजले ते बघितलं आणि म्हटलं, हो, आता झालं असेल.

सोमवारी ऑफिसात मोबाइल लॉकरमध्ये ठेवून आत गेले. बदलीच्या अर्जाची लिंक माझ्या स्क्रीनवर अजून राखाडी, म्हणजे बंदच होती. खाली लीडचा मेल होता: प्रोबेशन तीन महिने वाढवले आहे. त्याखाली दुसरा, सगळ्या टीमला: यादीतली वस्तू यापुढे वाचून निवडावी.

मग मी फ्रॉकच्या पार्सलचं रेकॉर्ड उघडलं. शनिवार, संध्याकाळ. पोचवले. कर शून्य. कुरियरवाला मोबाइलच्या स्क्रीनवर बोटाने सही घेतो, तिचा फोटो शेजारी येतो. बहुतेक सह्या नुसत्या रेघा असतात. ही सुटी सुटी, मोठी अक्षरं होती, शाळेतल्या वहीत काढतात तशी. शेवटचं अक्षर चौकटीत न मावल्यामुळे वर चढलं होतं. आजीने नातीला सही करू दिली होती.

हेडसेटमध्ये बीप झालं. मी तो कॉल घेतला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. ब्रेकमध्ये लॉकर उघडून आईला फोन लावला.

"पोचला," मी म्हटलं.

"कधी?"

"शनिवारी."

"मग बरं," आई म्हणाली. "आवाज का बसलाय तुझा?"

"बोलून बोलून."

"गरम पाणी पी," ती म्हणाली. "अजून तीन महिने बोलायचंय."