परक्याच्या नावावर न होणारं घर

आमचं पाम गाव सोडलं त्या सकाळी मी बॅग घेऊन नाक्यावर उभा होतो, तर पहिल्या पाळीची कंपनीची बस सवयीने माझ्यासमोर थांबली. ड्रायव्हरला वाटलं, मी कामावरच निघालोय. त्याला नाही म्हणताना मला उगाच लाज वाटली. शेजारी बाबा उभे होते. स्टेशनची रिक्षा आली तेव्हा एवढंच म्हणाले, "जाशील तिथं नीट ऱ्हा. जमिनीची काळजी नको करू, ती कुठं जात नाय."

तारापूरच्या केमिकल कंपनीत शिकलेलं काम मलेशियात, जोहोरला उपयोगी पडलं. दोन वर्षांत परत येऊ असं सांगून बायकोला, सुनंदाला, घेऊन गेलो. आता आमची तारा तिथल्या शाळेत सातवीला आहे. ती मलय भाषेत भांडते आणि मराठीत रडते. मी भाताबरोबर सांबाल, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, खातो, आणि कुणी बोईसरहून सुकट आणली की आमच्याकडे दिवाळी. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आम्ही राहतो ते बैठं घर एका म्हाताऱ्या बाईचं आहे. तिला सगळे माक्चिक म्हणतात, म्हणजे आपली मावशी. तारा याच घरात चालायला शिकली. ईदला माक्चिकच्या चुलीवरचं पहिलं ताट आमच्याकडे येतं. यंदा ती थकली, मुलाकडे जायचं ठरलं आणि घर विकायला निघालं. मी म्हटलं, आम्हीच घेतो. सुनंदाने तर पडद्यांचा रंगही ठरवून टाकला. वकिलाने कागद पाहिले आणि मान हलवली. परदेशी माणसाला तिथे फ्लॅट घेता येतो, तोही महागातला आणि सरकारच्या मंजुरीने. ही जमीन मात्र मलय लोकांसाठी राखीव, ती परक्याच्या नावावर होतच नाही. माक्चिक माझा हात धरून रडली. म्हणाली, तू मला मुलासारखा, पण हे माझ्या हातात नाही.

मी फोनवर बाबांपुढे चिडलो. इतकी वर्षं राबलो, कर भरला, पोर इथली झाली, तरी आम्ही परकेच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. आपली बी तशीच हाय ना."

हे मला काय ठाऊक नव्हतं? आमच्यासारख्या आदिवासींची जमीन बाहेरच्याला सहजी विकता येत नाही, म्हणून तर कंपन्यांच्या आणि इमारतींच्या गराड्यात आमचा तुकडा वाचला. दलालांना बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पण रामदुलार दलाल नव्हता. तो बिहारचा, कापडाच्या कंपनीत फिटर, आमच्या अंगणातल्या खोलीत भाड्याने राहायचा. मला सायकल त्यानेच शिकवली. आमच्या बोलीतल्या शिव्या तर त्याला आमच्याहून जास्त यायच्या. नोकरी संपल्यावर त्याने ती खोली विकत मागितली, कारण गावाकडे त्याचं कुणी उरलं नव्हतं. बाबांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, "तू आमचाच हाय, पन जमीन तुजी व्हायची नाय." तेव्हा मला बाबांचं पटलं होतं. आजही पटतं. म्हणून तर इतका थकलोय, रागावायला कुणी उरलंच नाही.

घर माक्चिकच्या पुतण्याने घेतलं. आम्ही पुढच्या महिन्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातोय. तारा रुसली, तेव्हा माक्चिक म्हणाली, दर ईदला या, पुतण्याला मी सांगून ठेवलंय. मी येतो म्हटलं. आता जिथून बोलावणं येईल तेच आपलं घर, एवढंच मला उमगतं. पामला भावाकडे गेलो तरी हल्ली वहिनी माझ्यासाठी कपाटातली, पाहुण्यांची ठेवणीतली चादर काढते.

बाबांना सांगितलं, दर ईदला आम्ही तिथे जाणार आहोत.

"जा," ते म्हणाले. "पन खरंच जा. रामदुलारला बी आमी दर दिवाळीला ये म्हनलो होतो. व्हय म्हनला. पुन्ना कंदी आला नाय."